वरचा मजला कशावर उभा होता

प्रिय छोट्या,

पंचावन्न वर्षांच्या, दारावर पितळी पाटी असलेल्या आणि हाताखाली नऊ माणसं राबवणाऱ्या माणसाला मी अजून छोट्या म्हणते, याचा तुला राग येतो हे मला ठाऊक आहे. येऊ दे. या पत्रात राग येण्यासारखं पुढे पुष्कळ आहे, तेव्हा सुरुवातीपासूनच सवय झालेली बरी. फोनवर बोलले असते, पण तीन आठवडे तू माझा फोन घेतलेला नाहीस. तुझी बायको घेते, "ते साइटवर गेलेत हो ताई" म्हणते, आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू येतो. तो खोकला मी तू दीड वर्षाचा असल्यापासून ओळखते. औषध घे त्यावर. आणि बिचारीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही. तुझ्यासारखी सवय नाही तिला.

काल दवाखान्यात शिपाईमामांना बघून आले. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, आत पट्टी आणि स्क्रू घातलेत. छत्तीस वर्षं वाचनालयाचं दार उघडलं त्या माणसाने, आणि निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना त्याच्या अंगावर लोखंडी मांडणी कोसळली. मला बघून हसले. म्हणाले, "ताई, जन्मात एक पुस्तक पुरं वाचलं नाही, म्हणून शेवटी चारशे एकदम वाचायला दिली देवाने." मी हसले नाही म्हणून त्यांनाच वाईट वाटलं. मग म्हणाले, "साहेबांना सांगा, मी त्यांना दोष देत नाही." साहेब म्हणजे तू. ज्याच्या कॉलेजच्या दिवसांत ते शिडीवर चढून वरच्या फळीवरची पुस्तकं काढून द्यायचे, तो तू. तू अजून त्यांना भेटायला गेलेला नाहीस. निरोप मी पोचवला. त्यांचं मन मोठं आहे, माझं तेवढं नाही. मी तुला दोष देते.

का देते, ते नीट क्रमाने लिहिते. इमारतीपासूनच सुरू करावं लागेल, कारण सगळं भांडण इमारतीचं आहे. आपलं वाचनालय ज्याने बांधून दिलं तो दिव्यांचा कारखानदार. गावोगावचे रस्ते त्याच्या कंदिलांनी उजळले, आणि स्वतःच्या वाचनालयात मात्र त्याने दिवा आणायला बंदी केली. दारावरच कोरून घेतलं, 'दिवा आत आणू नये'. त्याचं एक गोदाम आगीत गेलं होतं आणि त्या धसक्यातून तो कधी बाहेर आला नाही. आता दिवा नाही तर वाचायचं कसं? म्हणून छपराच्या मधोमध काचेची लांब पट्टी, आणि वरच्या मजल्याला फरशीऐवजी लोखंडी चौकटींत बसवलेल्या जाड काचेच्या लाद्या. छपरातून आलेला उजेड वरचा मजला ओलांडून खालच्या पुस्तकांपर्यंत पोचायचा. वीज येईपर्यंत वाचनालय सूर्यावर चालायचं. बंद होण्याची वेळ महिन्यामहिन्याला बदलायची आणि तिचा तक्ता दाराशी टांगलेला असायचा. वीज आल्यावरही तो तिथेच होता, आणि तू शाळेत असताना तो पाठ म्हणून दाखवायचास.

यातलं सगळं लोखंड ओतून दिलं ते एका ओताऱ्याने. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाआधी त्याने एक फळीभर पुस्तकं मागवली आणि सरळ तराजूत घातली. कार्यकारी मंडळ हसलं. तो म्हणाला, "तुम्हाला यात काय लिहिलंय ते कळतं, मला हे किती जड आहे ते कळतं. दोन्ही लागणार." मग त्याने हिशेब मांडला की पुस्तकांसाठी मांडण्या तर उभ्या करायच्याच आहेत, मग मजला पेलायला वेगळे खांब कशाला? मांडण्यांचे उभे गजच खांब होतील. खाली सात रांगा, प्रत्येक रांगेला सहा गज, असे बेचाळीस. प्रत्येक गज जमिनीखालच्या दगडावर टेकलेला. वरच्या मजल्यावर त्याच जागी, बरोबर त्याच गजांच्या डोक्यावर, दुसरे बेचाळीस. मनगटाएवढे जाड गज, पुस्तकं भरली की दिसतही नाहीत. त्यांच्यावर वरचा मजला एकशे अठरा वर्षं उभा होता.

पण कारखानदाराला हे पटेना. आलेल्या पाहुण्याने मान वर करून बघावं असं काहीतरी त्याला हवं होतं. तेव्हा ओताऱ्याने वाचनकक्षात चार भले दांडगे खांब उभे केले, वर पानाफुलांची नक्षी, मिठीत न मावणारे. गावाने त्यांना नाव ठेवलं चार पैलवान. आणि हे पैलवान काय उचलत होते? काहीही नाही. ते आतून पोकळ आहेत. नुसते उभे राहून काय करतील, पाणी तरी वाहू देत, असं म्हणून ओताऱ्याने छपराचं पावसाचं पाणी त्यांच्या पोटातून खाली उतरवलं. वरच्या मजल्यातून ते आरपार जातात, पण मजल्याला त्यांचा स्पर्शसुद्धा नाही. चारही खांबांभोवती बोटभर फट होती. पुढे एका रंगकामात कोणी शहाण्याने ती चुन्याने बुजवली, म्हणून आता खालून बघणाऱ्याला वाटतं की खांबांनीच मजला डोक्यावर घेतलाय.

बघणाऱ्याला वाटेल. तुला कसं वाटलं, छोट्या? बाबा मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करायचे, आई आजारी असायची, म्हणून शाळा सुटली की आपण दोघं तिथेच. खळीच्या वासात आपण मोठे झालो. तू वरच्या मजल्यावर पालथा पडून त्या फटीतून कागदाच्या गोळ्या माझ्या डोक्यावर टाकायचास. मी अभ्यास करत असायचे आणि माझ्या वेणीत गोळ्या अडकायच्या. फट नसती तर गोळ्या आल्या कुठून? पाऊस लागला की पैलवानाच्या पोटाला कान लावून बसायचास आणि म्हणायचास, "ताई, याला गुडगुडतंय, याला बाहेर नेऊ या." एकदा ते ऐकून बाबा खळीचे हात पुसत बाहेर आले, त्यांनी बोटाने त्या खांबावर टकटक केलं, मग मांडणीच्या गजावर टकटक केलं आणि तुला विचारलं, "कोण भरलेला आणि कोण रिकामा?" तू बरोबर उत्तर दिलंस. सात वर्षांचा होतास. त्या वयात तू जे सांगितलंस, त्याच्या नेमकं उलट पंचावन्नाव्या वर्षी सही-शिक्क्यानिशी लिहून दिलंस.

पालिकेला खाली मोकळा हॉल हवा होता. मुलांना अभ्यासाला जागा होईल, कार्यक्रम करता येतील, म्हणून मधल्या रांगा काढायच्या. मागणी वाईट नव्हती. काम तुला मिळालं तेव्हा मी शेजारीपाजारी सांगत सुटले की आपल्या घरचाच माणूस आहे, इमारत त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली आहे. खरं म्हणजे तोच इमारतीच्या अंगाखांद्यावर वाढला, पण बहिणीचं तोंड, मी काय तोलून बोलते! तू जागेवर दोनदा आलास. एकदा फोटोसाठी, आणि दुसऱ्यांदा घाईत. बाकी काम तुझ्या त्या गॉगलवाल्या सहायकाने केलं. त्याने पैलवान बघितले, टेप लावली, आणि तू सही केलीस. मधल्या तीन रांगा, अठरा गज, पंधरा दिवसांत कापले गेले. त्यांवरची पुस्तकं कुठे ठेवायची, असं मुंगीने तुला विचारलं.

मुंगी कोण ते तुला माहीत आहे, पण तुझ्या अहवालात तू तिला 'संबंधित ग्रंथपाल' म्हटलं आहेस, म्हणून आठवण करून देते. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या खुर्चीवर आलेली पोर. चणीने एवढीशी आणि सारखी काहीतरी उचलून नेत असते, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणतात. चार वर्षांत तिने जेवढी पुस्तकं दुरुस्त करून घेतली तेवढी मी दहा वर्षांत घेतली नव्हती. तिने तुला विचारलं, "सर, एवढं सगळं वर ठेवलं तर चालेल ना?" तू एका पैलवानाच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "हे चौघं उभे आहेत ना? मग तुम्ही कशाला घाबरता?" हे मला मुंगीने सांगितलेलं नाही. ती चहाड्या करणाऱ्यातली नाही. हे शिपाईमामांनी सांगितलं. ते तेव्हा शिडी धरून उभे होते.

काम संपल्यानंतर नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मजला खचला. काचेच्या लाद्या फुटण्याचा आवाज बाजारापर्यंत गेला. सुट्टी नसती तर खाली वीस-बावीस मुलं बसलेली असती. त्यानंतर तुझा अहवाल आला. 'संबंधित ग्रंथपालांनी तांत्रिक सल्ला न घेता वरच्या मजल्यावर क्षमतेबाहेर भार टाकल्यामुळे.' एका ओळीत तू त्या पोरीची नोकरी खाल्लीस. तिला निलंबित केलंय. पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे आणि ठपका बसला तर ती कायमची घरी बसणार. तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही. हे तुला ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. ते मीच तुला सांगितलं होतं, तिची शिफारस कर म्हणून.

आता नकाशाबद्दल. ओताऱ्याच्या कामाचा मूळ नकाशा वाचनालयाच्या संदर्भ विभागात होता. मेणकापडासारख्या कापडावर काढलेला, एकोणीस नंबरचा, 'बाहेर नेण्यास मनाई' असा शिक्का मारलेला. त्याच्या कडेला ओताऱ्याने सांगितलेलं कोणीतरी लिहून घेतलंय की मजला मांडण्यांच्या गजांवर आहे, गज काढू नयेत, मोठे खांब पाण्यासाठी आहेत. खाली त्याचा अंगठा. हा कागद समोर ठेवला की मुंगी सुटते. चौकशी अधिकाऱ्यांनी तो मागितला. कपाट उघडलं, अठरा आहे, वीस आहे, एकोणीस नाही. म्हणून आता तिच्यावर दुसरा आरोप आहे, की स्वतःची चूक लपवायला तिने नकाशा नाहीसा केला.

तो नकाशा तुझ्याकडे आहे. चौतीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, तू माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणालास, "ताई, आठ दिवस दे. सगळी इमारत गज न् गज काढून दाखवतो, बघच तू." मी तेव्हा सहायक होते, नियम मला पाठ होते. मी इकडेतिकडे बघितलं, नकाशा पत्र्याच्या नळकांड्यात घातला आणि तुझ्या हातात दिला. देवघेवीत नोंद केली नाही. नोंद करता येणारच नव्हती, मनाई असलेल्या वस्तूची कसली नोंद? त्या ड्रॉइंगवर तुला पहिलं बक्षीस मिळालं, त्यावर पहिली नोकरी, आणि पुढे ती पितळी पाटी. आठ दिवस संपले नाहीत. मी दोनदा मागितला, तू दोनदा म्हणालास, "आणतो गं." मग तुझं लग्न झालं, घरं बदलली, आणि मी मागायचं सोडलं.

हे वाचून तू म्हणशील की ताईला एवढा कळवळा आहे तर ती इतके दिवस गप्प का? त्याचंही उत्तर लिहिते, आणि हे लिहिताना तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतोय. दरवर्षी वाचनालयाची पडताळणी करायचा नियम आहे; मी निवृत्त झाल्यापासून माणसांअभावी ती राहून गेली. एकजण नोंदवही वाचतो, दुसरा वस्तू हातात घेऊन 'आहे' म्हणतो, आणि पुढे खूण होते. नकाशांचं कपाट मी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. सतरा आहे, अठरा आहे, एकोणीस आहे, वीस आहे. तीस वर्षं मी एकटीने त्या कपाटासमोर उभी राहून एकोणीसपुढे खूण केली. पहिल्या वर्षी ती खूण मी दोनदा गिरवली. नंतर नंतर मला खरंच वाटायला लागलं की तो आहे. निवृत्तीच्या दिवशी मुंगीला कारभार सोपवला तेव्हा ती म्हणाली, "एकदा सगळं मोजून घेऊ का, ताई?" मी म्हणाले, "माझ्या खुणांवर विश्वास नाही का?" ती बिचारी लाजली आणि तिने सही केली. त्या सहीमुळे आज नकाशा तिच्या ताब्यातून हरवलाय.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. माझ्यावर आरोप करायला नाही, मदत मागायलाही नाही. पाणी प्यायली आणि हळूच विचारलं, "ताई, तुम्ही एकोणीस नंबर नेमका कुठल्या खणात ठेवायचात? मी कदाचित चुकीच्या ठिकाणी शोधत असेन." मी तिच्याकडे बघून म्हणाले, "आठवायला लागेल गं." ती माझे आभार मानून गेली.

तुझी चूक काय, हे मी गेले तीन आठवडे उलटसुलट करून बघितलं. तू विसरलास, हे मी मान्य करते. मोठी कामं, मोठी माणसं, रोज चार ठिकाणी सह्या, लहानपणच्या कागदाच्या गोळ्या कोणाच्या लक्षात राहतात? विसरणं मी माफ केलं असतं. पण रांगा कापायला सुरुवात झाली त्या दिवशी मी तुला फोन केला होता. मी म्हणाले, "छोट्या, मांडण्यांना हात लावायच्या आधी तो नकाशा एकदा उघडून बघ." तू म्हणालास, "बघितलाय गं ताई, तू निवांत राहा." आणि मी निवांत राहिले! मजला खचल्यावर मी पुन्हा फोन केला, तो नकाशा घेऊन ये म्हणाले. तेव्हा तू म्हणालास, "कुठला नकाशा?" दोन्ही वेळा तोच आवाज, तोच समजूत घालायचा सूर. जो नकाशा बघितला होतास तो महिन्याभरात अस्तित्वातच नव्हता. वर म्हणालास, "आणि ताई, असला काही नकाशा तू बाहेर दिला असशील, तर आधी पंचाईत तुझी होईल, एवढं लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. तुला वाढवलं त्याची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. माझी काळजी वाटत असल्यासारखं तू ते बोललास, म्हणून जास्तच.

तुला पाठ असलेल्या गोष्टी मी एवढ्या उकलून का लिहिल्या, असं तुझ्या मनात केव्हाच आलं असेल. गज किती, खांब पोकळ कसे, फट कुठे होती, मुंगी कोण. ते तुझ्यासाठी नव्हतं. हे पत्र तू एकटा वाचणार नाहीस. मी दोन प्रती लिहिल्या आहेत, अक्षरन् अक्षर सारख्या. एक तुला, आणि दुसरी आज दुपारी चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात देऊन पोच घेणार आहे. आधी वाटलं, आपलं लहानपण त्यातून वगळावं, घरचं चारचौघांत कशाला. पण ते काढलं तर तुला सगळं माहीत होतं हे त्यांना कळणार कसं? माझ्या तीस खोट्या खुणाही त्यात आहेत, तेव्हा माझं निवृत्तिवेतन थांबवायचं की आणखी काही, ते त्यांनी ठरवावं. मुंगीला काल जाऊन सगळं सांगितलं. मी दाराबाहेर पडेपर्यंत तिने मला बसा असंही म्हटलं नाही, आणि ते बरोबरच केलं. सुनावणी गुरुवारी अकरा वाजता आहे. तुला त्यांचं बोलावणं येईलच, पण ते यायच्या आधी तू आपणहून यावंस, नकाशा घेऊन यावंस, आणि आधी दवाखान्यात जाऊन मग यावंस, असं मला वाटतं. मी मुंगीच्या बाजूने बसणार आहे, ती शेजारी बसू देवो न देवो. तू आलास तरी तिथून उठणार नाही. पण तू आलास, तर तुझं बोलून होईपर्यंत तुझ्याकडे बघत राहीन.

अजून तरी तुझीच,
ताई